पऱ्हाट्यांचा आडोसा

सगुणाबाई मूळची तीर्थपुरीची. नवरा कचरू जालन्याच्या स्टेशनावर हमालीला लागला, तशी तीही नवीन जालन्यात आली आणि भागचंद शेठांच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाऊ लागली. निजामाच्या राजवटीतले, छत्तीस-सदतीस सालच्या आसपासचे ते दिवस.

दिवसभर ढिगाशी बसून कापसातला पालापाचोळा वेचायचा. धूळ नाकातोंडात जायची, घसा सुकायचा. फाटकाजवळ पाण्याचा रांजण भरलेला असे. गडीमाणसं तांब्यावर तांबे रिचवत. बाया मात्र नुसते ओठ ओले करून परत फिरत. कारण बायांना लघवीला जायला जागाच नव्हती. चहूकडं गाड्या, बैल, हमाल. पहाटे घरून निघताना जाऊन यायचं, मग थेट दिवस मावळल्यावर. सगुणाबाईला सारखी उन्हाळी लागायची. लघवीला आग आग व्हायची, संध्याकाळी डोकं ठणकायचं. बहुतेक बायांची हीच रड होती, पण ती त्यांच्या घोळक्याबाहेर कधी गेली नाही.

चैत्रातल्या एका दुपारी शेजारी बसलेली दुर्गाबाई ढिगावरच कलंडली. पोरगी पहिलटकरीण, सातवा लागलेला. ओठांना पापुद्रे आलेले, हातपाय गार. सगुणाबाईनं तिला सावलीत ओढलं, पदर भिजवून तोंडावरून फिरवला आणि घोट घोट पाणी पाजलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अंगातलं पाणी पार आटलंय. तहान लागायची वाट पाहू नका, दिवसभर थोडं थोडं पीत राहा. नाहीतर बाळालाही त्रास."

परतताना दुर्गाबाई रडकुंडीला आली. "मावशी, प्यायला सांगून राह्यले, पण जाऊ कुठं?"

 दुसऱ्या दिवशी सगुणाबाई जिनाला लागून असलेल्या शेठांच्या घरी मागच्या दारानं गेली. शेठाणी लाडबाई पापड वाळत घालत होत्या.

"शेठाणीबाई, लाज सोडून बोलते," सगुणाबाई म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं.

लाडबाईंचा हात थांबला. "इतकी वर्षं भिंतीच्या अलीकडं मी, पलीकडं तुम्ही. मला बिलकुल मालूम नव्हतं, बाई. शेठांशी मी बोलते."

मुकादम रामराव कुरकुरला, "बाया कामावरून उठतच राहतील." शेठ म्हणाले, "दवाखान्यात न्यायला उठण्यापेक्षा बरं." आणि मागच्या कोपऱ्यातली जागा दिली.

पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, सरपणासाठी तिथंच पडलेल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत बायांनी त्यांचे कूड बांधले, शेणामातीनं लिंपले. एकीनं आत दगड बसवले, दुसरीनं हात धुवायला घागर ठेवली. गोणपाटाचा पडदाही लागला.

आडोसा तयार झाला, पण जाईना कुणीच. सगळ्या एकमेकींकडं पाहून पदरात हसत होत्या. गडीही मान वळवून बघत होते. तेव्हा सगुणाबाई उठली. रांजणावर गेली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली, तोंड पुसलं आणि साऱ्यांच्या देखत सरळ चालत पडद्याआड गेली.  बाहेर आली तेव्हा गड्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि म्हातारी गोजरबाई रांजणाकडं निघाली होती.

"मंग काय! मी का तहानलेली मरू?" गोजरबाई म्हणाली. सगळ्या खळखळून हसल्या.

त्यानंतर सगुणाबाईनं शिरस्ताच पाडला. ती पाण्याला उठली की आणखी दोघी-तिघींना उठवायची. "तहान न्हाई" म्हणणारीला आधी तांब्या द्यायची. उन्ह वाढलं की लाडबाई ताकाची घागर पाठवू लागल्या. पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सगुणाबाईची आग थांबली, डोकंही हलकं झालं. दुर्गाबाईला धडधाकट मुलगी झाली.

पुढच्या हंगामात शेजारच्या जिनातल्या दोन बाया फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुमचा आडोसा कसा बांधलाय, पाहू द्या जरा."

सगुणाबाईनं कापूस बाजूला सारला आणि ती त्यांना घेऊन आत गेली.