भागीरथाबाईची वॉशिंग मशीन

आमगावच्या राईस मिलमध्ये धान वाळवणाऱ्या भागीरथाबाईनं २००७ साली वॉशिंग मशीन घेतली, ती काही कपडे धुण्यासाठी नव्हे. शेजारच्या प्रेमिलानं फ्रीज घेतला होता आणि पोरांना बर्फाचे खडे वाटत ती महिनाभर महाराणीसारखी वागत होती. आता आपणही फ्रीजच घेतला तर नक्कल होईल, एवढं भागीरथाबाईला कळत होतं.

दुकानदार मुन्नालाल गोड बोलला. "बाई, आज ले जाओ. पैसा तो हर महीने थोडा-थोडा जाएगा, पता भी नहीं चलेगा."

मशीन हातगाडीवरून आली तेव्हा अख्खी वस्ती मागं होती. नवरा बकाराम तिच्याभोवती फिरून आला.

"धुवाचं काय व येच्यात? माह्याजवळ दोन तं शर्ट हायेत."

"मंग तिसरा घे," ती म्हणाली.

घरात नळ नव्हता. बोरिंगवरून पाणी आणून ओतायचं, आणि पाणी भरलं की लाइट जायची. पंधरवड्यात ती पुन्हा दगडावर कपडे आपटू लागली. मशीनमध्ये तिनं तांदूळ भरून ठेवले. उंदरांचा त्रास तेवढा साफ थांबला.

मुन्नालालचा हप्ता मात्र चांगलाच कळत होता. तो भरायला तिनं बायकांचा गट करून कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडून कर्ज घेतलं, ते फेडायला दुसऱ्या कंपनीच्या गटातून. दर सोमवारी गटातल्या बायका सतरंजीवर बसायच्या. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे, तोवर कुणी उठायचं नाही. कितीदा तरी त्याच गटातल्या प्रेमिलानं भागीरथाबाईचे भरले, आणि भरताना असं काही बोलली की व्याज तिथंच वसूल झालं.

शेवटी दुकानाचे हप्ते थकले. वसुलीवाला राहुल दारात आला.

"मशीन न्यायला आलो, बाई."

"ने ना गा. पण आत तांदूळ हायेत, आधी काढून दे."

राहुल पातेल्यानं तांदूळ उपसत बसला. बायका दारात उभ्या राहून हसत होत्या. भागीरथाबाईनं त्याला चहा पाजला. तो गेल्यावर बकारामला म्हणाली, "चाल, झोपाले जागा झाली." मग चुलीपुढं बसून रडली. धुराचं निमित्त होतंच.

मशीन गेली, गटांची कर्जं राहिली. प्रेमिलाचे पैसे फेडायला ती धान रोवण्याच्या दिवसांत प्रेमिलानं ठेक्यानं घेतलेल्या धानाच्या बांधीत राबली. पहिल्या वर्षी दोघी शेजारी वाकून रोप लावत, पण बोलत नसत. दुसऱ्या वर्षी प्रेमिला खाली मान घालूनच म्हणाली, "माह्या फ्रीजचे बी हप्ते थकून हायेत व. तुले कोन्त्या तोंडानं सांगू?"

भागीरथाबाई इतकी हसली की चिखलातच बसली. प्रेमिला आधी चिडली, मग तीही बसली.

२०१० मध्ये भागीरथाबाईचं सगळं कर्ज फिटलं. आठवडाभरात गटाला कर्ज देणाऱ्या कंपनीचे साहेब घरी हजर. "ताई, तुमचं रेकॉर्ड एकदम चांगलं आहे. आता तुम्हाला दुप्पट कर्ज मिळेल."

"बाबू, एवढी इज्जत तं मले सासरी बी नाही भेटली," ती म्हणाली, आणि दार लोटून आतून कडी घातली.