मुठीचं माप

लायसन्स हातात आलं त्या आठवड्यात मला दोन पिस्तुलांतून एक निवडायचं होतं. दोन्ही एकाच कंपनीची, एकाच नावाची. एक वीस वर्षांपूर्वीच्या घडणीचं, दुसरं तेच सुधारून अलीकडे काढलेलं. जुनं आमच्या सरांचं होतं. नवं बाहेरून मागवावं लागणार होतं.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पार्ट मापायचे, माप हुकलं की परत पाठवायचे, हे माझं काम. आठ-नऊ वर्षांपूर्वी कंपनीनं आम्हा बायकांना एका रविवारी शूटिंग रेंजवर नेलं होतं. बाकीच्या फोटो काढून मोकळ्या झाल्या. मी छर्‍याच्या पिस्तुलानं दहा गोळ्या झाडल्या, त्यातल्या सात काळ्या गोलात गेल्या. तिथले प्रशिक्षक, म्हणजे हेच सर, सैन्यातून निवृत्त झालेले, उंच, हाडापेरानं मोठे, मोजकं बोलणारे. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, पुढच्या रविवारी या. मी गेले आणि मग जातच राहिले. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते.

पुढे सरांनी मला पंचवीस मीटरच्या खेळाला लावलं. त्यात एकदा घोडा दाबला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते. पाच गोळ्यांची फेरी असते. सराव मी सरांच्याच पिस्तुलावर करायची, त्यांच्या समोर. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी स्पर्धा सोडल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, आता स्वतःचं लायसन्स काढा. हवं तर हेच तुमच्या नावावर करून देतो.

लायसन्सची चौकशी गावापर्यंत गेली. माझं सासर देवगाव रंगारीचं. सासर्‍यांना, म्हणजे आबांना, एका हवालदारानं ओट्यावर बसून विचारलं की सून तापट आहे का, घरात भांडणतंटा होतो का. आबांनी सांगितलं, बावीस वर्षांत माझ्यापुढं तिचा आवाज चढला नाय, फक्त चहात साखर लई कमी टाकती. हवालदारानं हे लिहून घेतलं की नाही ते माहीत नाही.

सरावाला येणार्‍या एका डॉक्टरीणबाईंकडे नवं पिस्तूल होतं. दोन रविवार त्यांनी स्वतः शेजारी उभं राहून मला ते वापरू दिलं. सवयीप्रमाणे मी वहीत तक्ता केला. नव्याची नळी मुठीत खाली बसते म्हणून झटका कमी. घोडा आपल्या बोटाप्रमाणे पुढेमागे सरकवता येतो. जुन्याची स्प्रिंग थकलेली, पाचवी गोळी कधीमधी अडकायची, आणि त्याचे सुटे भाग कंपनीनं बनवणं बंद केलेलं. तक्त्यात जुन्याच्या बाजूनं लिहायला काही नव्हतं. तरी मी सरांना फोन केला आणि म्हटलं, मी तुमचंच घेते.

ते नुसतं बरं म्हणाले.

खरं सांगायचं तर ते पिस्तूल परक्या हातात जावं असं मला वाटत नव्हतं. सर ते दर रविवारी उघडून पुसायचे, तेव्हा टेबलाशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. आणि मी नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल, ही भीतीही होतीच.

पुढच्या रविवारी क्रांती चौकात गाड्या तुंबल्या होत्या, मला उशीर झाला. सर बाकावर बसले होते. त्यांनी मला समोर बसवलं आणि माझ्या उजव्या मनगटाकडे बघितलं. सहा महिने मी तिथं पट्टी बांधत होते. कारखान्यात सतत मोजमाप करून दुखतं, असं सगळ्यांना सांगत होते. सरांनी पिस्तुलाची लाकडी मूठ सोडवून माझ्या तळहातावर ठेवली.

"हे खळगे बघा," ते म्हणाले. "हे माझ्या बोटांचे आहेत. मी स्वतः कानशीनं काढलेत. तुमचं बोट इथं पोचत नाही, म्हणून तुम्ही मनगट वळवता. इतकी वर्षं तुम्ही माझा हात धरून नेम लावताय, ताई."

मी म्हटलं, पण सर, मला हेच हवंय.

"मला बरं वाटावं म्हणून हवंय तुम्हाला. तसं मला बरं वाटणार नाही. नवं मागवा."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. उठून ते दुसर्‍या कोणाच्या पायांची ठेवण नीट करायला गेले. मला मात्र डोळे पुसायला वेळ लागला.

नवं यायला बरेच महिने गेले. आलं, आणि त्याची सगळ्यात लहान मूठही मला मोठी निघाली. माझा हात आखूड, बोटं जाड. सर म्हणाले, लाकूड तासून घ्यावं लागेल. माझी नजर आता तेवढी बारीक राहिली नाही, कोणी जाणता बघा. शहरातल्या दोन सुतारांना विचारलं. पिस्तुलाचं नाव काढताच दोघांनीही हात जोडले.

दिवाळीला गावी जाताना पिस्तूल कुलपात ठेवून मी फक्त मूठ पिशवीत घेतली. आमच्या घरातल्या सगळ्या खुरप्या-कुर्‍हाडींचे दांडे आबांनी केलेले. त्यांनी मूठ उन्हात धरून उलटसुलट पाहिली, वास घेतला, लाकूड कशाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, अक्रोडाचं. एवढं महागाचं झाड आणि असलं बेढब काम, असं ते पुटपुटले.

आता एक सांगायला हवं. आबांसमोर मी आजही डोक्यावर पदर घेते. बावीस वर्षांत वाकून नमस्कार करताना त्यांच्या पायांना माझा हात लागला असेल तेवढाच; त्यांचा हात माझ्या हाताला कधी लागला नव्हता. चहाचा कपसुद्धा मी खाली ठेवायची आणि ते उचलायचे. कोणी शिकवलं नव्हतं, तसंच चालत आलं होतं.

म्हणून आबांनी सासूबाईंकडून कणकेचा गोळा मागवला आणि मला तो पिस्तुलासारखा आवळायला सांगितलं. तो ठसा समोर ठेवून दिवसभर ते कानस चालवत बसले. संध्याकाळी मी मूठ धरून पाहिली. बोटं पोचत होती, पण अंगठ्याखाली टोचत होतं. दुसर्‍या दिवशी पुन्हा तासली, तर तळवा सुटू लागला. आबा सासूबाईंना म्हणाले, तू तिचा हात धर अन् कुठं दाबतंय ते मला सांग. सासूबाईंनी धरला आणि सांगितलं, सगळीकडंच दाबतंय.

आबांनी कानस खाली ठेवली. मग भुसा झटकून, धोतराला हात पुसून त्यांनी हात पुढं केला.

"आण पोरी, हात दे."

मी दिला. त्यांनी माझी बोटं एकेक करून मुठीवर बसवली, वरून स्वतःचा हात ठेवला आणि डोळे मिटले. त्यांचा तळवा कानशीइतकाच खरखरीत होता. "व्हय, इथं," ते म्हणाले, आणि पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. माझा पदर केव्हा खांद्यावर आला ते मला कळलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

सरांनी ती मूठ पाहिली तेव्हा पहिल्यांदा पट्टीनं मोजून ती नियमात बसते का बघितलं. बसत होती. मग त्यांनी विचारलं, हे कोणी केलं? सांगितल्यावर म्हणाले, त्यांना घेऊन या.

मनगटाची पट्टी महिन्याभरात सुटली. त्या वर्षी राज्य स्पर्धेत मी बारावी आले. माझ्या वयाला आणि माझ्या नोकरीला ते पुष्कळ झालं असं मला वाटतं. सरांना तसं वाटत नाही. त्यांचं जुनं पिस्तूल त्यांच्याकडेच आहे आणि रविवारची पुसापुशी चालू आहे. त्याबद्दल मी पुन्हा विषय काढला नाही.

आबा मात्र खरंच आले. टोपीवरून कानाला आवाज अडवणारे ते मोठे ठोकळे लावून माझी पहिली फेरी त्यांनी उभ्यानं पाहिली. पाच गोळ्या झाल्यावर सरांना विचारलं, झालं? सर म्हणाले, अजून पुष्कळ आहे. तेव्हा ते बाकावर बसले. थोड्या वेळानं सरही त्यांच्या शेजारी जाऊन बसले. सर पण शेतकर्‍याच्या घरचे, हे मला त्या दिवशी कळलं. मी वळून पाहिलं तर दोघांचीही पाठ माझ्याकडे होती आणि आबा हातवारे करून अद्रकीला कूज का लागते ते समजावून सांगत होते.