आधी उपाशी, मग तुपाशी

अतिदक्षता विभागाच्या बाहेरचा बाक लोखंडी आहे, बसून बसून पाठीचं लाकूड होतं. तरी दुपारच्या वेळी इथला पंखा असा घरघरतो की डोळ्यांवर झापड येतेच. झोपायचं नाही असं ठरवून मी बसले आहे. आत माझा मुलगा आहे, श्रीरंग. वय एकेचाळीस, सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही, आणि परवा त्याला हार्ट अटॅक आला. शेजारी माझी सून सारिका भिंतीला डोकं टेकून बसली आहे. तिला सातवा महिना लागलाय. जेवणाचा डबा तिच्या पायाशी तसाच आहे.

तसाच का, तर सकाळी माझ्या नणंदबाई येऊन तिला ऐकवून गेल्या. "तुझ्या फोडणीत तेल किती असतं ते मला माहीत आहे. नवऱ्याच्या काळजात साचलं ते." तेव्हापासून पोरीनं पाण्याशिवाय काही तोंडात घेतलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. माझ्या अंगाचा नुसता भडका उडालाय. कारण डॉक्टरीणबाईंनी काल मला बाजूला घेऊन विचारलं होतं, श्रीरंग जन्मला तेव्हा वजन किती होतं. मी म्हटलं, दोन किलोसुद्धा नव्हतं. पुढे त्या जे बोलल्या ते कालपासून माझ्या डोक्यात कढतंय.

पंख्याचा आवाज लांब जातो. कुणीतरी माझ्या शेजारी येऊन बसतं, आणि बाक जरासुद्धा हलत नाही.

"निजलीस व्हय गं, शालन?"

आत्याबाई. माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तेराव्याचा स्वयंपाक मीच केलाय. तोच डोक्यावरचा पदर, तोच तपकिरीचा वास. भीती वाटायला हवी, पण मला राग येतो, आणि तो इतका आयता येतो की मला माझंच नवल वाटतं.

"नातवाला बघायला आलात?"

"आले की. कसं हाय पोरगं?"

"काळजाच्या दोन नळ्या तुंबल्या होत्या. जाळ्या बसवल्यात."

"कुणाची दिष्ट लागली गं?"

"तुमची," मी म्हणते.

त्या हसतात. चुलीत फुंकर घालतात, धूर माझ्या डोळ्यांत जातो. मी तेवीस वर्षांची आहे आणि पोट गुडघ्याला टेकतंय. आमचं स्वयंपाकघर आहे, फक्त भिंतीवर सलाइनच्या बाटल्या टांगल्यात, भांडी टांगावीत तशा. माझ्या ताटात भाकरी आहे. दुसरी भाकरी मी उचलते, तर आत्याबाईंचा हात येतो आणि ती काढून घेतो.

"पुरे. प्वार पोटात मोठं झालं तर सुटायची न्हाईस."

"भूक लागलीय, आत्याबाई."

"भूक काय, लागतीच."

हे रोज चालायचं. दूध नको, मूल गोरं होईल पण जड होईल. केळं नको. दुपारचं जेवण अर्धं. बाळंतपण सोपं जावं म्हणून मूल बारीक ठेवायचं, ही आमच्या घरची अक्कल. तेव्हा तोंडाला कुलूप होतं. आज नाही.

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐका," मी चुलीसमोरच सांगायला लागते. "पोटात पुरेसं मिळालं नाही की बाळ जे मिळेल ते आधी मेंदूकडे धाडतं. काळीज, मूत्रपिंडं, रक्ताच्या नळ्या, सगळं हात आखडून बांधलं जातं. घर बांधताना सिमेंट कमी घालावं तसं. लहानपणी कळत नाही. चाळिशीत कळतं."

"आन् सगळ्या बारक्या पोरांचं असं हुतं व्हय?"

"सगळ्यांचं नाही. हेच एक कारण आहे असंही त्या म्हणाल्या नाहीत. पण धोका वाढतो. आणि बारीक जन्मलेल्याला नंतर भराभर फुगवलं तर आणखी वाढतो. ते कुणी केलं?"

आत्याबाई वाटीत लोणी काढून घेतात. शाळेच्या हॉलमध्ये टाळ्या चालू आहेत. महिला मंडळाची सुदृढ बालक स्पर्धा आहे, पताका लावल्यात. टेबलावर वाण्याचा मोठा तराजू. त्याच्या पारड्यात श्रीरंग बसलाय, एकेचाळीस वर्षांचा, दवाखान्याचा निळा झगा घालून, छातीला वायरी. गुडघे हनुवटीला टेकलेत. आत्याबाई वाटीतलं लोणी बोटानं त्याच्या तोंडात घालतायत. तो गिळतो. त्या पुन्हा घालतात.

"आता बास. आई, सांग ना तिला," तो मला म्हणतो. आवाज मात्र दीड वर्षाच्या पोराचा.

"त्याचं पोट भरलंय, आत्याबाई."

"पयला नंबर हाय. लोकं म्हनत हुती, शालनचं प्वार म्हंजे उंदराचं पिल्लू. बघा म्हनावं आता."

पहिला नंबर आला होता खरंच. स्टीलचं पातेलं मिळालं होतं आणि त्या ते गल्लीभर दाखवत फिरल्या होत्या. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, अशी म्हण आहे. माझ्या पोराच्या वाट्याला दोन्ही आलं. आधी उपाशी, मग तुपाशी, आणि दोन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नाही.

"तुम्ही माझ्या लेकराचं वाटोळं केलंत," मी म्हणते. टाळ्या थांबतात. "पोटात होता तेव्हा तोंडचा घास काढलात आणि बाहेर आल्यावर कोंबलंत. आणि आज तुमची लेक माझ्या सुनेला तेलावरून बोलते."

आत्याबाई पदरानं बोट पुसतात. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली येतो.

"माझी थोरली जाऊ बाळंतपणात गेली. दोन दिस वरडत हुती. मोठं प्वार अडकलं. म्या बघितलंय."

"ते मूल मोठं नव्हतं, आडवं होतं. गावाला माहीत आहे. आडवं मूल बारीक असलं तरी अडकतं. तिथं सुईण बदलायची, दवाखाना गाठायचा, ते सोडून तुम्ही घरातल्या सुनांची ताटं आवरलीत."

"मला सासूनं तसंच सांगितलं."

"आणि तुम्ही मला सांगितलंत. मी कुणाला सांगणार नाही."

त्या माझ्याकडे बघतच नाहीत. दवाखान्याच्या फरशीवर पाट मांडलाय, त्यावर सारिका बसली आहे, पुढ्यात वाढलेलं ताट. ती मान खाली घालून बसली आहे, जशी मी बसायचे. आत्याबाई तिच्यासमोर उकिडव्या बसतात आणि सवयीनं, अगदी मायेनं, भाकरीकडे हात नेतात. तेव्हा मला कळतं की ही बाई नातवासाठी आलेलीच नाही.

मी या बाईचं मनगट धरते. गार आहे, आणि ताकद अजून तीच. तिच्या दुसऱ्या हाताची नखं माझ्या मनगटात रुततात.

"सोड. पोरीचं भलं बघतीया मी."

"ती माझी सून आहे."

"तू माझी हुतीस."

"होय," मी म्हणते, "आणि मी अजून उपाशी आहे."

 मी सगळा जोर लावून हात ओढते.

"आई, आई, काय झालं? हाताला काय लागलं?"

सारिका माझ्यावर वाकली आहे. पंखा घरघरतोय. माझ्या उजव्या मनगटावर चार नखांचे व्रण उठले आहेत, एकातून रक्ताचा थेंब आलाय. मी माझी नखं बघते, ती मुळापासून कापलेली. सारिकाची तर तिनं काळजीनं खाऊनच टाकलीत.

"काही नाही. डबा उघड."

"नको, आई. भूक नाही."

"भूक आहे. भूक नाही असं सातव्या महिन्यातली बाई तेव्हाच म्हणते, जेव्हा तिला कुणीतरी बोललेलं असतं. ऐक माझं. त्याला काय झालं ते तुझ्या फोडणीनं झालेलं नाही. तो माझ्या पोटात उपाशी होता, मला खाऊ दिलं नव्हतं. संध्याकाळी वन्सं येतील, त्यांच्यासमोर हेच सांगणार आहे, मोठ्यानं. तू फक्त खा. पोटभर. पोटातलं ते ऐकतंय असं समजून खा."

ती डोळे पुसते, डबा उघडते, चपाती मोडते. पहिला घास गिळायला तिला वेळ लागतो. दुसरा लवकर जातो. मग तिचा हात थांबतो.

"तुम्ही जेवलात का?"

त्या साऱ्या दिवसांत, श्रीरंग पोटात असताना, हे मला घरात एकानंही विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणते.

ती डबा आमच्या दोघींच्या मध्ये सरकवते. मी जेवायला बसते. लिंबाच्या लोणच्याची फोड उचलताना मनगटाला खार लागतो, आणि चांगलंच चुरचुरतं.