आईच्या जागी जाऊबाई

ये गं, सरक अशी जवळ. लांबून फोनवर शहाणपण शिकवायला काय जातं? "मावशी, गाण्यांवरून कुणी पोटच्या पोराशी बोलणं टाकतं का?" असं विचारलंस ना परवा? मग ऐक आता, मधे तोंड घालू नकोस. समोर नाहीस, पण बसलीस असं धरून लिहिते.

तुझी आजी हळदीची गाणी म्हणायची. लग्नघरी जात्यावर हळकुंडं दळताना म्हणतात ना, ती. माझ्याकडे तिची एक कॅसेट होती. गाता गाता ती मधेच खोकते, मधेच मला हाक मारते, "बारके, दूध बघ गं, उतू जाईल." मला बारके म्हणणारं आता कोण उरलंय, सांग.

कॅसेटची फीत गुंतायला लागली तेव्हा माझ्या चिरंजीवांनी ती हॉलमधल्या कम्प्यूटरवर चढवली आणि कॅसेट फेकून दिली. पसारा नको म्हणे! गाण्यांना नावं काय देऊ, असं विचारलंन. अरे, हळदीच्या गाण्यांना कुठली नावं? जात्याला सुपारी बांधली की पहिलं, मूठ घातली की दुसरं, अशी ती ओळीनं चालतात. त्यानं हळद एक, हळद दोन असं टाकलंन. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी म्हटलेली हळदीची गाणी त्यांच्या दिलसुखनगरच्या घरच्या कम्प्यूटरवर यानंच चढवून दिली होती. तीही हळद एक, हळद दोन.

मग त्याला त्या काचेच्या इमारतीतली नोकरी लागली. कंपनीचा लॅपटॉप आला, माझ्यासाठी कानात घालून ऐकायचा तो बोटाएवढा प्लेअर आला. आईची गाणी दोन्हींवर गेली. भाजी निवडताना आई कानात असायची. बरं चाललं होतं गं.

पण याला चैन कुठली? "सगळी गाणी एका जागी करतो आई," म्हणत जाऊबाईंकडची गाणी घेऊन आला. कम्प्यूटर बिचारा विचारत होता, या नावाचं आधीच आहे, ते पुसून त्याच्या जागी हे टाकू का? यानं न वाचताच सगळ्यांना हो म्हटलंन. वर लॅपटॉपवरची आणि प्लेअरवरची गाणीही त्या कम्प्यूटरसारखीच करून टाकलीन.

दुसऱ्या दिवशी मी बेगम बाजारात धने-मिरच्या घ्यायला निघाले. बसमध्ये कानात घातलं, तर जाऊबाई! तोच नाकातला आवाज. माझ्या आईच्या गाण्याला "शेतातली हाकाटी" म्हणणारी बाई आईच्या जागी बसून गात होती. मी मिरच्या न घेताच परत आले.

"लाइट घे ना आई," चिरंजीव म्हणाले. इथल्या पोरांचं हे एक ठरलेलं आहे, घर जळालं तरी लाइट घे, मनाला लावून घेऊ नकोस. "गाणी तीच आहेत की. शब्दही तेच."

"हौ का? मग उद्या तुझ्या बायकोची साडी दुसरीला नेसवून आणून बसवते. साडी तीच आहे की!"

सुनेला हसू आलं. त्याला नाही आलं. तीन ठिकाणी शोधलंन, पण सगळीकडे जाऊबाईच. वर मलाच म्हणतो, "तूच नावं दिली नाहीस." माझ्यावर ढकलतो मेला!

तेवढ्यात जाऊबाईंचा फोन. त्यांना बातमी कशी लागते, देव जाणे. "काय गं, आता रोज मला कानात घालून फिरतेस म्हणे!"

"काढून टाकलंय, अक्का. कान दुखायला लागले."

तेव्हापासून त्या पोराशी मी "जेवायला वाढलंय" एवढंच बोलते, आणि तेवढंच बोलणार. कारण आता नवीनच छळ सुरू झालाय. पोळ्या लाटताना आईचं गाणं म्हणायला जाते, शब्द तिचे येतात आणि चाल येते जाऊबाईंची. तोंड धुवावंसं वाटतं.

तू लहानपणी आजीकडेच होतीस. जात्याच्या खुंट्याला हात लावून तिच्यामागं गायचीस, हेल काढून, थेट तिच्यासारखी. ती चाल तुझ्या गळ्यात असणार. माझी पुरती पुसली जायच्या आत ये. पोरांच्या परीक्षा, नवऱ्याची रजा, काही ऐकायचं नाही मला. नामपल्ली स्टेशनला उतर, मी घ्यायला येते. आणि त्याची बाजू घ्यायची असेल तर ती गाडीतच सोडून ये. पण ये गं, लवकर ये.