सात समित्या आणि पहिलीचा वर्ग

वडील चाकणच्या एका कंपनीत होते आणि युनियनचं काम करायचे. गेट मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे उतरायचे. मी घड्या घालता घालता ती वाचायचे. मराठी वाचायला-लिहायला मी तिथेच शिकले. कामाला माणूस हवा म्हटलं की हात वर करायचा, हेही तिथेच शिकले.

शिक्षिका झाल्यावर ते नडलं. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या सभेत मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, कामवाटप करतात. फळ्यावर समितीचं नाव लिहितात. सगळे खाली बघतात. जो आधी वर बघेल, ती समिती त्याची. मी खाली बघितलंच नाही. पोषण आहार, पुस्तकवाटप, शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण, आधारची जुळवणी, दाखले, पालकसभा, स्वच्छता: सातही ठिकाणी माझं नाव. शेजारी दुसरीच्या बाई बसल्या होत्या, निवृत्तीला आलेल्या, मूळच्या पुनावळ्याच्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, खाली बघ की. फरशी काय खात न्हाई तुला." मला त्यांचा राग आला. अशा माणसांमुळेच काही बदलत नाही, असं वाटलं.

दोन आठवड्यांत माझा आवाज बसला. मधल्या सुट्टीत डबा उघडायचे आणि त्यासमोरच डोळा लागायचा. माझ्याकडे पहिलीचा वर्ग होता. बहुतेक मुलांचे आईवडील लातूर-नांदेडकडून कंपन्यांत कामाला आलेले. मी मुलांना कोरे कागद द्यायचे, चित्र काढा म्हणायचे, आणि मोबाईलवर माहिती भरत बसायचे. एक दिवस पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आज पण चित्रच?"

त्याच शनिवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. प्रेमानंच म्हणाल्या, तुझा कॉम्प्युटरवर हात चांगला आहे, महिनाभर पहिलीची मुलं दुसरीत बसवू, तू ऑफिसात बस. सोमवारी सांग.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. 'शिक्षकांना शिकवू द्या'. सगळी अशैक्षणिक कामं तात्काळ बंद करा. वडील पहिल्या शिफ्टहून आले, खांद्यावरची बॅग न काढता त्यांनी ते वाचलं.

"मोघम आहे," ते म्हणाले. "असली मागणी मॅनेजमेंटला आवडते. पाठिंबा देऊन मोकळे होतात." मग विचारलं, ही सात कामं तुला दिली कुणी? मीच घेतली, म्हटलं. ते हात धुवायला गेले.

रविवारी मी ते पत्रक फाडलं आणि एका कागदावर सातही कामं लिहिली. प्रत्येकापुढे, त्यापायी आठवड्यात पहिलीचे किती तास बुडतात ते. सोमवारी तो कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "तीन कामं करते. चार परत घ्या. वर्ग सोडणार नाही."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मधे दोनदा फोन वाजला, वरून माहिती मागणारा. त्याही थकलेल्याच दिसत होत्या. "मग ही चार कुणाला देऊ? तूच नाव सांग."

नाव घेण्याऐवजी मी म्हटलं, सगळ्यांनाच विचारू. लहानपणापासून वाचलेल्या पत्रकांत समोर कायम कंपनी असायची. इथे समोर माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बायका होत्या.

सुट्टीत पुन्हा फळ्यासमोर जमलो. पुन्हा सगळे खाली बघत होते. शेवटी दुसरीच्या बाई उठल्या, मला म्हणाल्या, "दाखले दे माझ्याकडं. आन् पुढच्या जूनला फरशी बघायची, काय?" पालकसभा आणि स्वच्छता आणखी दोघींनी कुरकुरत घेतल्या. सर्वेक्षणाला कुणीच वर बघितलं नाही. मोठ्या बाईंनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं आणि खडू ठेवला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही मला. माझी तीन कामंही तशीच होती, एप्रिलपर्यंत.

वर्गात गेले. चित्रांचे कागद गोळा केले आणि फळ्यावर पहिलं अक्षर काढलं. "म्हणा, ग," मी म्हटलं. आवाज घोगरा, फाटलेला. सगळा वर्ग तसाच घोगरा आवाज काढून म्हणाला, "ग". पुढच्या बाकावरच्या मुलीनं तर गळ्यावर हात ठेवून म्हटलं. या अक्षराचा उच्चार असाच असतो, असं त्यांना वाटलं असावं. मी पाणी प्यायले आणि पुन्हा म्हटलं.