झेंडूच्या वावरात चित्रीकरण करू देण्याबाबत

गेली बावीस वर्षे मी संगमनेरच्या तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज कधी भाषेच्या कारणाने परत आलेला नाही. मी सरकारी नोकर नसूनही लोक मला भाऊसाहेब म्हणतात, व मी त्यांना दुरुस्त करीत नाही. हे आधीच नमूद करण्याचे कारण असे की, माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ ज्या कागदावाचून अडला होता, तो कागद शेवटी मलाच लिहावा लागला.

लग्नाला पंधरा दिवस असताना शहरातला व्हिडिओवाला आमच्या गावी, घरी आला. त्याने लॅपटॉप उघडून दुसऱ्या एका लग्नाची फिल्म दाखवली. आमची मंडळी कणकेचे हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली ती हललीच नाही. आमच्या स्वतःच्या लग्नाचे एकूण तीन फोटो आहेत, त्यांपैकी एकात माझे डोळे मिटलेले. येथे मात्र नवरी घोड्यासारखी धावत काय येते, अक्षता हवेत थांबतात काय! आम्ही ती फिल्म तीनदा पाहिली. मी त्याच आठवड्यात कोट शिवायला टाकला, व केसांना कलप लावून घेतला.

"फिल्मची सुरुवात नवरीच्या गावापासून करू," व्हिडिओवाला म्हणाला. "धरणावर जाऊ. तिथं लोकेशन भारी आहे."

"धरणावर सगळ्याच नवऱ्या उभ्या असतात," मुलगी म्हणाली. "मला स्टँडच्या रस्त्यावरचं झेंडूचं वावर पाहिजे. पाच वर्षं कॉलेजला जाताना एसटीच्या खिडकीतून बघितलंय. एकदा तरी त्यात उभं राहायचंय."

व्हिडिओवाल्याने मांडीवर थाप मारली. "ताई, फुलांतून ड्रोन वर काढतो! बघाच तुम्ही!"

घरात एकदम उत्साह संचारला. मंडळी साडीचा रंग ठरवू लागली. मी तेवढा गप्प होतो, कारण ते वावर कोणाचे आहे हे मला चांगले ठाऊक होते.

त्या वावराच्या मालकाचा व त्याच्या सख्ख्या भावाचा बांधावरून वाद आहे. भावाच्या वतीने त्याच्याविरुद्ध तहसीलदारांकडे आजवर सहा अर्ज गेले, आणि ते सहाही माझ्या हातचे. भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता की बांध "थोडासा" सरकवला आहे. आता थोडासा या शब्दाने फाईल हलत नसते. म्हणून मी "अंदाजे पाच फूट" असे लिहिले. बांध मी पाहिलेला नव्हता. मालकाविषयी "सदर इसम हा दांडगट व कायदा न जुमानणारा असून" असेही लिहिले, कारण ते वाक्य अशा अर्जात शोभते.

त्यातच आठवडा गेला, आणि समजले की मार्गशीर्षातल्या गुरुवारासाठी बुधवारी फुलांचा तोडा आहे. त्या दिवशी सोमवार होता. म्हणजे मंगळवारी सकाळी चित्रीकरण झाले तरच. नाहीतर वावरात नुसता पाला राहणार होता.

मुलगी म्हणाली, "बाबा, मी येऊ का विचारायला?"

"कामकाज मी पाहतो," मी म्हणालो, आणि रीतसर अर्ज लिहून सायंकाळी त्याच्या वस्तीवर गेलो.

तो गोठ्यासमोर बाजेवर बसला होता. मी अर्ज पुढे केला. त्याने हात पुढे केला नाही.

"वाचा की. तुमचंच आक्षर, तुमीच वाचा."

मी वाचू लागलो. "आपण एक परोपकारी व प्रगतिशील शेतकरी असून..."

"थांबा!" त्याने घरात हाक दिली. "आगं, भाईर ये! भाऊसायेब काय म्हंत्यात आईक. मी परोपकारी हाय!" मग माझ्याकडे वळला. "गेल्या साली दांडगट हुतो. कवा सुधारलो वो मी?"

त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "आवो, पोरीचं लगीन हाय. नका छळू."

"पोरीला न्हाई म्हनलंय का मी? रोज यष्टीतनं बगायची, मला ठावं हाय." तो पुढे सरकला. "त्ये इमान उडिवनार ना वरनं? त्यातनं बांध दिसंल?"

"दिसेल," मी म्हणालो.

"मंग येवडंच. बांध जसा दिसंल तसा तुमच्या हातानं कागदावर लिवायचा. तितंच बसून. वाकडा आसंल तर वाकडा लिवा. कबूल आसंल तर पोरीला धाडा."

मी त्यास समजावले की जमिनीची मोजणी भूमिअभिलेख कार्यालयच करते, ड्रोनच्या चित्राला तेथे किंमत नाही. तो म्हणाला, "किंमत मला हाय." मी घरी निघालो. माझ्या सहा अर्जांवर माझ्याच अक्षरात सातवा कागद चढणार होता. पण अंगणात शिरताच मुलीने नुसते तोंडाकडे पाहिले, आणि मी म्हणालो, "सकाळी सातला. साडीला इस्त्री करून ठेव."

मंगळवारी आम्ही सूर्य वर यायच्या आत पोहोचलो. नवा कोट अंगात होता. दव पडलेले, आणि कोवळ्या उन्हात तो झेंडू असा पेटलेला की व्हिडिओवाला यंत्रे मांडायचे विसरून बघत उभा राहिला. मुलगी हिरवी साडी नेसून सरीतून आत निघाली. मालक मागून ओरडत होता, "सरीतनंच चाल, बाय! फुलाला धक्का नगं, उद्या तोडा हाय!" तीही हसत ओरडली, "नाही तुडवत, काका!" तिला मी इतकी खूश शाळेचा निकाल लागला तेव्हाही पाहिली नव्हती.

ड्रोन घोंघावत वर गेला. आम्ही छोट्या पडद्याभोवती गर्दी केली. आधी फुले, मग फुलांत तिचा हिरवा ठिपका, मग संपूर्ण वावर; आणि वावराच्या कडेला बांध. रस्त्याकडे बांध जरासा भावाच्या बाजूला कललेला होता. विहिरीकडे तेवढाच मालकाच्या बाजूला. काठी आडवी धरून मालकाने दोन्हीकडे मोजले. कुठेही सव्वा फुटापलीकडे भरेना.

"म्हंजी आमी दोगंबी चोर?" त्याने विचारले.

"असे मी लिहिणार नाही."

"मंग काय लिवनार?"

"बांध सरळ नाही, एवढेच."

"आन् पाच फूट?"

"पाच फूट कोठेही आढळत नाहीत. तेही लिहितो."

त्याने खांद्यावरचे उपरणे काढून ओल्या बांधावर माझ्यासाठी पसरले. मी त्यावर बसलो, गुडघ्यावर वही ठेवली व जे दिसले ते तेवढेच लिहिले. बावीस वर्षांत स्वतःच्या नावाने, स्वतःची सही करून लिहिलेला तो माझा पहिला कागद. त्याने तो घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. पुढे त्याने त्याचे काय केले, मी विचारलेले नाही. भाऊ मात्र सातव्या अर्जासाठी माझ्याकडे आला नाही; शेजारच्या टेबलावर गेला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात व्हिडिओवाल्याने सुरुवातीचा भाग मोबाईलवर पाठवला. झेंडू, झेंडूतून वर निघालेला कॅमेरा, हिरवी साडी, सर्व काही त्याने कबूल केले तसे. फक्त एका कोपऱ्यात, बांधावर, नवा कोट घातलेला एक गृहस्थ पाठ वाकवून काहीतरी लिहीत बसला आहे. कॅमेऱ्याकडे त्याचे लक्षही नाही.

व्हिडिओवाल्याने विचारले, "ताई, हे काका फ्रेममधून काढू का?"

"ठेवा," मुलगी म्हणाली. "ते माझे बाबा आहेत. परवानगी त्यांनीच आणलीये."