हाय आणि न्हाय

माझ्या शेजारच्या वर्गात पहिलीला शिकवणाऱ्या बाई इंग्रजी बोलत नाहीत, गातात. चालीही हळदीच्या गाण्यांवरून उचललेल्या. रोज सकाळी डस्टरने टेबलावर ठेका धरून त्या एकेकीला, एकेकाला साद घालतात, "हाय, सानवी, हाय!" सानवी त्याच सुरात उत्तर देते, "हाय बाई, हाय." आमच्या थळ गावच्या पोरांच्या बोलीत हाय म्हणजे आहे. त्यांना वाटतं, बाई हजेरी घेतायत.

हा घोटाळा मी बाईंच्या कानावर घातला, तर त्या म्हणाल्या, "असू दे हो सर. तोंड उघडतायत ना?"

मागच्या महिन्यात तपासणीला साहेब आले. दारातूनच म्हणाले, "हाय, चिल्ड्रेन." सगळा वर्ग एका सुरात गायला, "हाय साहेब, हाय." साहेब भलतेच खूश झाले. एवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी इमानदारीत सूर लावला, "रिया न्हाय साहेब, न्हाय."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पापणीही न लववता डस्टर उचललं, टेबलावर ठेका धरला आणि म्हणाल्या, "हे दुसरं कडवं, साहेब."